दहा सेंटांचें रणांगण

दुरून पाहणाऱ्याला युद्ध नेहमींच सुंदर दिसत आलें आहे. रणभेरी, ध्वज, घोड्यांच्या टापा, विजयी सेनापतीचें स्वागत या गोष्टी गाण्याला आणि चित्राला फार सोयीच्या असतात. चिखल, ताप, उपास, भीति आणि ओळख न पटलेलें प्रेत या गोष्टींना मात्र कवनाचा ताल सहजासहजीं मानवत नाहीं. दुरून डोंगर साजरे ही आपली म्हण म्हणूनच डोंगरांपेक्षां युद्धाला अधिक लागू पडते. हें अंतर नाहींसें करावें, वाचकाला थेट खंदकाच्या कांठावर नेऊन उभें करावें, आणि तेंहि एखाद्या जाडजूड ग्रंथांतून नव्हे, तर शाळकरी मुलें खाऊच्या पैशांतून विकत घेत त्या रंगीत चित्रकथांच्या चोपडींतून, असा उद्योग न्यूयॉर्क शहरांत १९५० सालीं कांहीं तरुण चित्रकारांनीं आरंभिला. त्या मंडळीचा, तिच्या कामाच्या रीतीचा आणि त्या कामापायीं तिला द्याव्या लागलेल्या किंमतीचा इतिहास मनन करण्यासारखा आहे.

त्या काळीं अमेरिकेंत चित्रकथांच्या चोपड्या दहा सेंटांना मिळत. हलका कागद, भडक रंग, मध्यें तारेचे टांके आणि वाचून होतांच रद्दीच्या गठ्ठ्यांत जाण्याची खात्री, असें त्यांचें स्वरूप होतें. हा माल प्रचंड प्रमाणावर खपे. परंतु प्रतिष्ठित माणूस त्याकडे ढुंकूनहि पाहत नसे. युद्धाच्या चित्रकथाहि त्यांत असत. त्यांपैकीं बहुतेकींत अमेरिकन शिपाई हंसत हंसत लढे, त्याला गोळी लागलीच तर ती फार तर खांद्याला लागे, आणि शत्रु म्हणजे दांत विचकणारा एक विद्रूप प्राणी असे. त्याच्या मरणाबद्दल वाचकाला क्षणभरहि थांबावें लागत नसे.

या धंद्याच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकीं मॅक्स गेन्स हा एक होता. बायबलांतील व इतिहासांतील कथा मुलांना चित्रांतून सांगाव्या या हेतूनें त्यानें ‘एज्युकेशनल कॉमिक्स’ ही संस्था काढली. १९४७ सालीं लेक प्लॅसिड येथें मोटारबोटीच्या अपघातांत तो मृत्यु पावला, आणि शिक्षक होण्याच्या तयारींत असलेल्या त्याच्या पंचवीस वर्षांच्या मुलाच्या, विल्यम गेन्सच्या, गळ्यांत ही कर्जबाजारी संस्था पडली. मुलानें ‘ई. सी.’ हीं आद्याक्षरें ठेविलीं, पण ‘एज्युकेशनल’ च्या जागीं ‘एंटरटेनिंग’ हा शब्द घातला. शिक्षण गेलें आणि करमणूक आली! परंतु याच संस्थेच्या हातून पुढें जें खरें लोकशिक्षण घडलें, तें तिच्या नांवांतून शिक्षण हा शब्द निघून गेल्यावर घडलें, हा योगायोग गमतीचा आहे. संस्था मोठ्या प्रकाशकांच्या मानानें अगदींच लहान. मालकी कुटुंबाची असल्यामुळें कोणा मंडळाची संमति घेण्याचें कारण पडत नसे. मालकाला एखादी कल्पना पटली कीं ती छापली जाई. चित्रकाराला आपल्या चित्रावर सही करतां येई, इतकेंच नव्हे तर अंकांत त्याचा परिचयहि प्रसिद्ध होई. ज्या धंद्यांत चित्रकार हा बहुधा निनांवी मजूर समजला जाई, त्या धंद्यांत ही वागणूक विरळा होती.

या संस्थेच्या दारांत १९४९ सालीं हार्वे कर्ट्झमन नांवाचा एक बारीक अंगलटीचा तरुण काम मागण्यासाठीं आला. त्याचा जन्म ३ ऑक्टोबर १९२४ रोजीं ब्रुकलिन येथें झालेला. न्यूयॉर्कच्या संगीत व चित्रकला विद्यालयांत तो शिकला. विल एल्डर आणि जॉन सेव्हेरिन हे त्याचे पुढचे सहकारीहि त्याच विद्यालयाचे विद्यार्थी. महायुद्धांत त्याला सैन्यांत जावें लागलें, पण त्याची सारी नोकरी अमेरिकेंतच झाली. रणांगण त्यानें पाहिलें नाहीं. युद्धानंतर एल्डर आणि आणखी एक मित्र यांच्या भागीदारींत त्यानें एक लहानशी चित्रशाळा थाटली. पुढें ‘ॲस्टेरिक्स’ या फ्रेंच चित्रकथेचा लेखक म्हणून जगभर प्रसिद्धि पावलेला रने गोसिनी हाहि त्या काळीं याच चित्रशाळेच्या आश्रयानें न्यूयॉर्कमध्यें उमेदवारी करीत होता. ‘ई. सी.’ नें कर्ट्झमनला पहिलें काम दिलें तें गुप्तरोगाविषयीं लोकांना सावध करणाऱ्या एका प्रचारपुस्तिकेचें. गुराखी नायक घालून त्यानें ती सजविली. रूक्ष माहिती गोष्टींत विरघळविण्याची विद्या त्याच्या अंगीं असल्याचें तेव्हांच दिसून आलें.

१९५० च्या अखेरीस कर्ट्झमनच्या संपादकत्वाखालीं ‘टू-फिस्टेड टेल्स’ हें द्वैमासिक निघालें. त्याच्या पहिल्याच अंकावर अठरा हा आंकडा होता. कारण टपालाच्या सवलतीचा परवाना नव्यानें काढण्याचा खर्च वांचावा म्हणून जुन्या नियतकालिकाचे क्रमांक पुढें चालू ठेवण्याची त्या धंद्यांत चाल होती. मूळ बेत केवळ साहसकथांचा होता. परंतु २५ जून १९५० रोजीं कोरियांत युद्धाला तोंड लागलें होतें. घरोघरचीं मुलें पुन्हां गणवेश चढवून जहाजांवर चढत असतां काल्पनिक चांच्यांच्या आणि जंगलांच्या गोष्टी सांगत बसणें संपादकाला जड जाऊं लागलें. अंकांचा कल युद्धाकडे झुकला, आणि १९५१ च्या मध्यास ‘फ्रंटलाइन कॉम्बॅट’ हें दुसरें द्वैमासिक केवळ युद्धकथांसाठीं सुरू झालें.

या दोन नियतकालिकांसाठीं कर्ट्झमननें जे कष्ट उपसले, ते दहा सेंटांच्या मालाला शोभण्यासारखे मुळींच नव्हते. एखादी सात-आठ पानांची कथा लिहावयाची तर तो दिवसचे दिवस ग्रंथालयांत घालवी, सैनिकांना गांठून प्रश्न विचारी, छायाचित्रें जमवी. समुद्रांत पडलेल्या वैमानिकांना वांचविणाऱ्या विमानाची कथा लिहावयाची म्हणून तो स्वतः तशा विमानांतून उड्डाण करून आला. पाणबुडीची कथा आली तेव्हां त्यानें आपला साहाय्यक जेरी डिफुचिओ याला पाणबुडींतून समुद्राखालीं धाडलें. तेथें कानांवर काय काय पडतें त्याची टिपणें आणावयाचीं, अशी त्या तरुणाला आज्ञा होती. शिरस्त्राणाचा आकार, बंदुकीचा घोडा, पायाच्या पट्ट्या, नदीचा उतार, यांपैकीं कांहींहि अंदाजानें काढलेलें त्याला चालत नसे.

एवढा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न कोणीहि विचारील. पोरांना शिरस्त्राणाचा आकार थोडाच समजतो! परंतु त्या अंकांची पानें चाळतांना या प्रश्नाचें उत्तर आपोआप मिळतें. वाचकाच्या मनांत शंकेला जागा मिळाली कीं कथा ‘गोष्ट’ होते, आणि गोष्टींतल्या मरणाला कोणी भीत नाहीं. बंदूक खरी, चिखल खरा, थंडी खरी अशी खात्री पटली म्हणजे त्या चिखलांत पडलेला माणूसहि खरा वाटूं लागतो. अचूक तपशील हा कर्ट्झमनच्या हातीं पांडित्याचा दागिना नव्हता, तर मरणाची बातमी अविश्वसनीय वाटूं नये म्हणून घेतलेली ती जामीनकी होती. प्रत्यक्ष रणांगणापासून वांचलेल्या माणसानेंच सत्याविषयीं इतका आग्रह धरावा, याचें मर्महि कदाचित् यांतच असेल. ज्याला आठवणींचें भांडवल नाहीं, त्याला पुराव्यावांचून बोलण्याचा अधिकार वाटत नाहीं.

त्याची कामाची पद्धति त्याच्या सहकाऱ्यांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणारी होती. कथा लिहून झाली कीं प्रत्येक चौकटीचा कच्चा आराखडा तो पारदर्शक कागदावर स्वतः काढी. माणूस कोठें उभा आहे, तो किती वांकला आहे, काळोख कोणत्या बाजूनें येतो, हें सर्व त्यांत ठरलेलें असे. मग चित्रकाराला समोर बसवून तो सारी कथा हावभावांसहित वाचून दाखवी. चित्रकारानें त्या आराखड्यापासून ढळतां कामा नये असा त्याचा हट्ट असे. नाटकाच्या तालमींत कडक तालीममास्तर जसा पावलांचें अंतरहि आंखून देतो, तसाच हा प्रकार होता.

तथापि ज्यांच्याकडून तो ही शिस्त पाळवून घेई, ते केवळ हुकमाचे ताबेदार नव्हते. जॉन सेव्हेरिन याला जुन्या लढायांचे गणवेश आणि हत्यारें यांचें इतकें ज्ञान होतें, कीं संपादकालाहि त्याच्या हाताकडे विश्वासानें पाहतां येई. त्याच्या पेन्सिलीच्या रेखाटनावर विल एल्डर शाई चढवी; युरोपांत नकाशे तयार करणाऱ्या पलटणींत एल्डरनें महायुद्ध काढलें होतें. जॉर्जिया प्रांताचा जॅक डेव्हिस आरमारांतून आलेला. त्याचे सैनिक पाहिले कीं त्यांची झोंप कित्येक रात्रींची राहिली आहे हें सांगावें लागत नाहीं. ढगळ बूट, वाढलेली दाढी, झुकलेले खांदे हींच त्यांची भाषा. वॉली वुड प्रथम व्यापारी जहाजांवर आणि नंतर छत्रीधारी सैन्यांत होता. चौकटीचा कोंपरान् कोंपरा तपशिलानें भरून त्यावर छायाप्रकाशाचा खेळ मांडावा तो त्यानेंच. आणि जॉनची धाकटी बहीण मारी सेव्हेरिन या सगळ्यांना रंग देई. पुरुषांच्या त्या धंद्यांत तिचें नांव वाचकांच्या कानीं क्वचितच पडे. परंतु रात्रीच्या हल्ल्याचा निळा अंधार आणि तोफेच्या उजेडाचा पिंवळा झोत हे तिच्या कुंचल्याचें देणें होतें.

या सर्वांच्या हातून जें निघालें, तें त्या काळच्या वाचकाला अपरिचित असेंच होतें. ‘रबल’, म्हणजे ढिगारा, या कथेचा नायक सैनिकच नाहीं. एक कोरियन शेतकरी आपल्या हातांनीं घर बांधतो. माती, लांकूड, छप्पर यांचें सारें काम वाचक पाहतो. मग लढाई त्या गांवावरून जाते, घर आणि घरधनी दोन्ही नाहींसे होतात, आणि उरलेल्या ढिगाऱ्यावर तोफ मांडली जाते. लढणाऱ्यांना तो ढिगारा केवळ सोयीची जागा वाटते. तेथें घर होतें हें फक्त वाचकाला ठाऊक असतें. ‘एअर बर्स्ट’ या कथेंत तर अमेरिकन तोफांच्या माऱ्याखालीं जीव मुठींत धरून पळणारे चिनी शिपाईच कथेच्या मध्यभागीं आहेत. अमेरिका चीनच्या सैन्याशीं लढत असतां हें छापलें जात होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे.

१९५२ च्या आरंभीं प्रसिद्ध झालेली ‘कॉर्प्स ऑन द इमजिन’ ही कथा कर्ट्झमननें स्वतःच लिहिली आणि स्वतःच चितारली. इमजिन नदीच्या कांठीं बसलेला एक अमेरिकन सैनिक पाण्यावरून वाहत जाणारें प्रेत पाहतो, आणि हा कसा मेला असावा याचा अंदाज बांधीत बसतो. आतांच्या युद्धांत माणसें दुरूनच मरतात, हातघाईचे दिवस गेले, असें त्याचें मत पडतें न पडतें तोंच एक भुकेला शत्रुसैनिक त्याच्यावर तुटून पडतो. शस्त्रें निसटतात, केवळ हात उरतात. शेवटीं अमेरिकन सैनिक त्याला पाण्याखालीं दाबून धरतो. चौकटीमागून चौकट तेच हात, तेंच पाणी, आणि मंद होत जाणारी धडपड. विजय झाला, पण जिंकणाऱ्याच्या तोंडावर विजयाची खूण नाहीं. तो भेदरून निघून जातो आणि नदीवरून आणखी एक प्रेत वाहूं लागतें. आरंभींचा प्रश्न अशा रीतीनें सुटतो. दुरून पाहिलेलें प्रेत आणि आपल्या हातून झालेलें प्रेत यांमधील अंतर सहा पानांत मोजून दाखविणारी ही कथा आहे.

इतिहासाकडेहि ही मंडळी याच दृष्टीनें वळली. सीझरच्या स्वाऱ्यांपासून नागासाकीवरील अणुबाँबपर्यंत त्यांचा संचार होता. नागासाकीची कथा वुडनें चितारली. तिच्यांत शास्त्रज्ञांचा पराक्रम किंवा वैमानिकाचें धाडस पुढें केलेलें नाहीं. त्या शहरांत राहणाऱ्या माणसांवर काय कोसळलें, तेंच दाखविलें आहे. इवो जिमा बेटावरील झुंज आणि कोरियांतील चांगजिन जलाशयाकडील कडाक्याच्या थंडींतली माघार यांना एकेक संबंध अंक वाहिलेला होता. माघारीला एवढी जागा देणें हेंहि युद्धकथांच्या परिपाठाला सोडूनच होतें. अमेरिकेच्या यादवी युद्धाचा इतिहास सात अंकांत समग्र सांगावा असा कर्ट्झमनचा मोठा संकल्प होता. त्यांपैकीं तीनच अंक निघाले.

हीं नियतकालिकें अमेरिकेच्या विरुद्ध होतीं, असा अर्थ मात्र यांतून काढूं नये. कोरियांत लढूं नये असें त्यांनीं सांगितलें नाहीं. कांहीं कथांतून तर स्वदेशाच्या पक्षाचा अभिमान स्पष्ट दिसतो, आणि मुखपृष्ठांवरील आवेश कधींकधीं आंतील गंभीरपणाशीं विसंगतहि वाटतो. त्यांचें म्हणणें एवढेंच होतें, कीं लढावयाचें असेल तर काय करीत आहों हें डोळे उघडे ठेवून पाहावें. देश लढत असतां हें एवढेंसें म्हणणेंहि पुष्कळांना फार वाटतें.

किंमत द्यावी लागली ती प्रथम पैशांत. मोबदला निघालेल्या अंकांवर ठरे. गेन्सचा दुसरा संपादक अल फेल्डस्टाइन हा भय, गुन्हे आणि विज्ञान या विषयांवरील सात नियतकालिकें एका हातीं चालवी. कर्ट्झमनच्या हातून शोध आणि आराखडे यांच्या पायीं दोनच पार पडत. मेहनत अधिक आणि प्राप्ति कमी, असा हा व्यवहार होता. श्रमानें तो आजारीहि पडला. ज्याला ग्रंथालयाची गरज नाहीं असें कांहीं तरी काढा, म्हणजे उत्पन्नाला हातभार लागेल, असें ठरून १९५२ च्या शरद् ऋतूंत ‘मॅड’ हें विनोदी कॉमिक निघालें. युद्धकथांचे सेव्हेरिन, एल्डर, डेव्हिस आणि वुड हेच त्याचेहि चित्रकार. फावल्या वेळचें म्हणून जें आरंभिलें त्यानें अमाप कीर्ति मिळविली, आणि ज्यासाठीं रक्त आटविलें तें मागें पडलें. पण हा विनोदहि एका अर्थीं त्याच झाडाचें फळ होता. युद्धकथांत खोट्या वीरश्रीचा बुरखा त्यांनीं गांभीर्यानें काढला. ‘मॅड’ मध्यें तोच बुरखा जाहिराती, चित्रपट आणि पुढारी यांच्या तोंडावरून हंसून काढला.

२७ जुलै १९५३ रोजीं कोरियांत युद्धविराम झाला आणि युद्धकथांची मागणी ओसरली. ‘फ्रंटलाइन कॉम्बॅट’ पंधरा अंक निघून १९५४ च्या आरंभीं बंद पडलें. ‘टू-फिस्टेड टेल्स’ चें संपादन शेवटच्या काळांत सेव्हेरिननें संभाळलें. एव्हांना चित्रकथांवर निराळेंच वादळ उठलें होतें. बालकांच्या गुन्हेगारीला या चोपड्या कारण होतात असा गवगवा झाला. डॉक्टर फ्रेडरिक वर्थम यांचा त्या विषयावरील ग्रंथ १९५४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच एप्रिल महिन्यांत सीनेटच्या उपसमितीपुढें गेन्सला साक्ष द्यावी लागली. मुख्य रोख त्याच्या भयकथांवर होता. प्रकाशकांनीं मिळून आचारसंहिता केली, आणि तिची मुद्रा ज्या चोपडीवर नाहीं ती विक्रेते दुकानांत ठेवीनासे झाले. ‘टू-फिस्टेड टेल्स’ १९५५ च्या आरंभीं थांबलें. १९५६ पर्यंत ‘ई. सी.’ च्या साऱ्या चित्रकथा संपल्या. मासिकाच्या रूपांत गेलेलें ‘मॅड’ तेवढें तगलें.

कर्ट्झमनचा लाभ मात्र त्यांत नव्हता. निम्म्याहून अधिक मालकी आपल्याला मिळावी अशी त्यानें मागणी केली, ती मान्य झाली नाहीं, आणि १९५६ सालीं तो बाहेर पडला. पुढच्या वर्षीं त्यानें आणि त्याच्या कांहीं सोबत्यांनीं स्वतःच्या खिशांतून पैसे घालून ‘हंबग’ नांवाचें नियतकालिक काढलें. चित्रकारच मालक, असा तो प्रयोग अकरा अंकांत आटोपला. लहान संस्थेनें या मंडळीला मोकळीक दिली खरी, पण मोकळीक आणि मालकी या दोन निराळ्या वस्तु आहेत, हा धडा त्यांना असा उशिरां आणि महागांत मिळाला.

तरीहि त्या युद्धकथांचें बीं वायां गेलें नाहीं. १९६५ सालीं जेम्स वॉरन या प्रकाशकानें ‘ब्लेझिंग कॉम्बॅट’ हें चित्रकथांचें नियतकालिक काढलें. त्याचा संपादक व लेखक आर्ची गुडविन हा कर्ट्झमनच्या जुन्या अंकांचा निस्सीम भक्त. सेव्हेरिन आणि वुड हे दोघेहि त्याच्या मदतीला आले. या वेळीं चालू युद्ध व्हिएटनामचें होतें. दुसऱ्या अंकांत आपल्या भातशेतीपलीकडे कांहींहि न मागणारा एक वृद्ध शेतकरी त्या युद्धांत मारला गेलेला दाखविला. ‘रबल’ मधल्या घरधन्याचा तो सख्खा भाऊच म्हणावा. लष्करी छावण्यांच्या दुकानांतून अंक हटविले गेले, विक्रेत्यांनीं गठ्ठे न उघडतां परत पाठविले, आणि चार अंकांनंतर १९६६ सालीं तें नियतकालिकहि मावळलें.

वुड १९८१ सालीं गेला, कर्ट्झमन १९९३ सालीं; एल्डर, जॉन सेव्हेरिन, डेव्हिस हे नव्या शतकांत क्रमानें गेले, आणि २०१८ सालीं मारी सेव्हेरिनहि गेली. ज्या चोपड्या रद्दींत जावयाच्या होत्या, त्या पुढें जाड पुठ्ठ्यांच्या ग्रंथांतून पुन्हां पुन्हां छापल्या गेल्या. चित्रकथेच्या क्षेत्रांत अमेरिकेंत दिल्या जाणाऱ्या एका पारितोषिकाला १९८८ पासून कर्ट्झमनचें नांव आहे. हा मान योग्यच आहे. पण त्यांच्या कामाचें खरें मोल कळावयाचें तर पारितोषिक बाजूला ठेवून इमजिन नदीवरचें तें प्रेत पुन्हां एकदां पाहावें. त्याला नांव नाहीं, हुद्दा नाहीं, आणि त्याच्या मरणानें लढाईचा निकालहि बदलत नाहीं. इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत त्याला एका आंकड्यांत जागा मिळाली असती. या मंडळीनें त्याला सहा पानें दिलीं, आणि त्या सहा पानांतला एक बंदहि अंदाजानें काढला नाहीं.